धातूला घाई झाली की तो किती कडक होतो? उत्तर एका सूक्ष्म खड्ड्यात

दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावर नुकताच साच्यातून काढलेला कोमट गूळ बोटाने हळूहळू दाबा, बोट आत रुततं. पण त्याच ढेपेवर झटकन टिचकी मारा, ती टणक लागते. गूळ तोच, फक्त वेग बदलला.

धातूंचंही असंच असतं, पण फरक बराच कमी. वेग वाढल्यावर धातू किती जास्त ताकदीने विरोध करतो, याचं माप म्हणजे स्ट्रेन रेट सेन्सिटिव्हिटी. ते 'एम' या आकड्यात सांगतात. एम ०.०१ असेल, तर वेग दहापट केल्यावर विरोध जेमतेम २ टक्क्यांनी वाढतो. ०.१ असेल, तर तब्बल २६ टक्क्यांनी!

याचा आपल्याशी काय संबंध? शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत टाटा नेक्सॉन बनते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पत्रा सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात चुरगळतो. प्रयोगशाळेत मात्र तोच पत्रा सहसा सावकाश ताणून तपासलेला असतो. म्हणून अपघाताचं गणित मांडताना हा 'एम' लागतो.

तो मोजायची एक पद्धत म्हणजे नॅनोइंडेंटेशन. हिऱ्याचं तीन बाजूंचं टोक धातूत दाबतात आणि क्षणोक्षणी भार व खोली नोंदवतात. टोक आत जाण्याचा वेग भागिले खोली, हा झाला दर. गंमत अशी, की वेग स्थिर ठेवला तर खोली वाढते तसा दर घसरतो. म्हणून यंत्र भार आधीच्या भाराच्या प्रमाणात वाढवत नेतं. मग वेगवेगळ्या दरांवर कठीणपणा मोजायचा. दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेख काढला, की त्याचा चढ म्हणजे एम.

अडचणीही आहेत. अगदी सावकाश चाचणीत खोलीतलं तापमान किंचित हललं तरी काही नॅनोमीटरची चूक होते. शिवाय अपघातातला दर नेहमीच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर असतो. त्यासाठी हॉपकिन्सन बारसारखी वेगळी साधनं वापरावी लागतात.

तरीही ही पद्धत हवीच, कारण गाडीचे पत्रे जोडणारा स्पॉट वेल्ड जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. त्याच्या कडेच्या, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यातून ताणून बघायला वेगळा तुकडा कापणं जवळपास अशक्य. हिऱ्याचं टोक मात्र तिथे सहज मावतं.