वीट, लाकूड आणि कांच
एकोणिसाव्या शतकांतील बांधकामाच्या मालाचे भाव व त्यांचा इतिहास

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच प्रचारांत आणली नाहीं. ज्यानें एकदां तरी विटा मोजून घेतल्या, चुन्याच्या ढिगावर नजर ठेविली आणि वखारवाल्याशीं तुळयांच्या भावासाठीं हुज्जत घातली, त्यालाच तिच्यांतील मर्म कळतें. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानांतील दृष्टांत तर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज महोत्सवाच्या प्रसंगीं आपण मंदिराच्या भिंतींकडे कौतुकानें पाहतों, त्या उभ्या करणाऱ्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करतों. परंतु भिंतींतील विटेस, छपरांतील वाशास व खिडकींतील तावदानास कधीं काळीं काय भाव पडत असे, आणि तो तेवढाच कां पडत असे, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. प्रिय वाचकहो, तोच विचार आज आम्ही आपणांपुढें ठेवूं इच्छितों.

या विवेचनासाठीं आम्हीं मुख्यतः इंग्लंड देशाची हकीकत निवडली आहे. याचीं कारणें दोन. पहिलें हें कीं, त्या देशांत सरकार करासाठीं विटा मोजून घेत असे, व त्यामुळें तेथील आंकडे इतिहासकारांस मिळाले आहेत. दुसरें कारण हें कीं, त्या काळीं आपला मुंबई इलाखा त्याच राज्यसत्तेखालीं असल्यामुळें तिकडील बदलांच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचल्या. कोणत्याही मालाचा घाऊक भाव म्हणजे केवळ मातीचें वा लाकडाचें मोल नव्हे. त्यांत राजाचा कर असतो, वाटेचें भाडें असतें आणि श्रमणाऱ्या मनुष्याचा घाम असतो. हे तीन घटक वेगळे करून पाहिले म्हणजे भावाचें कोडें बरेंचसें उलगडतें.

प्रथम विटेचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील वसाहतींशीं झालेल्या युद्धानें इंग्लंडच्या खजिन्यावर मोठें कर्ज झालें होतें. तें भागविण्यासाठीं मुख्य प्रधान विल्यम पिट यांनीं १७८४ सालीं विटांवर कर बसविला. दर हजार विटांस अडीच शिलिंग हा प्रारंभीचा दर होय. (बारा पेन्सांचा एक शिलिंग व वीस शिलिंगांचा एक पौंड, हें तेव्हांचें कोष्टक होतें.) पुढें फ्रान्सशीं युद्ध सुरू झालें आणि हा दर १७९४ सालीं चार शिलिंगांवर व १८०३ सालीं पांच शिलिंगांवर गेला. अखेरीस तो पांच शिलिंग दहा पेन्स इतका झाला. युद्ध संपलें, सेनापति घरीं परतले, परंतु विटेवरील कर कांहीं गेला नाहीं. युद्धाचा खर्च घर बांधणारा मनुष्य त्यानंतरही पुष्कळ वर्षें भरीत राहिला.

कर मोजण्याची पद्धतही लक्षांत घेण्यासारखी आहे. वीट भट्टींत जाण्यापूर्वींच, ती ओली असून वाळत घातलेली असतांना, सरकारी अंमलदार येऊन मोजणी करी. फुटतुटीबद्दल शेंकडा दहा विटांची सूट मिळत असे. त्याहून अधिक विटा पावसानें विरघळल्या किंवा भट्टींत तडकल्या, तर त्यांचाही कर वीटवाल्याच्या माथीं बसे. आणि वीटवाला तो उरलेल्या विटांच्या भावांत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल करी, हें सांगावयास नकोच.

कर नगावर असल्यामुळें मनुष्याच्या कल्पकतेस मात्र बहर आला. मेशम गांवच्या जोसेफ विल्क्स नांवाच्या कारखानदारानें साधारण विटेच्या जवळजवळ दुप्पट आकाराची वीट पाडण्यास सुरुवात केली. एक वीट मोजावी, कर एकीचा द्यावा, आणि भिंत मात्र दोहोंची उठावी, असा हा हिशेब होता. त्या गांवांत अशा विटांचीं घरें पुढेंही उभीं राहिलीं. परंतु सरकारही गाफील नव्हतें. १८०३ सालीं ठराविक मापाहून मोठ्या विटांवर दुप्पट कर लावण्यांत आला, आणि त्या युक्तीचा लाभ तेथेंच संपला. विटेचा आकार किती असावा हें गवंड्याच्या हातानें ठरण्याऐवजीं कायद्याच्या कलमानें ठरूं लागलें.

या मोजणीमुळें एक उपकार मात्र झाला. इंग्लंड व वेल्स या प्रांतांत दर वर्षीं किती विटा पडल्या याची नोंद राहिली, आणि तीवरून त्या देशाच्या भरभराटीची व मंदीची नाडी आपणांस पाहतां येते. १८२५ सालीं सट्ट्याची मोठी धुंदी होती. त्या वर्षीं सुमारें १९५ कोटी विटा पडल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पेढ्या बुडाल्या, लोकांचा विश्वास उडाला, आणि १८३२ सालीं ही संख्या १०० कोटींच्याही खालीं आली. पुढें आगगाड्यांचे मार्ग, पूल व बोगदे यांच्या कामांची गर्दी उडाली, तेव्हां १८४७ सालीं ती सुमारें २१९ कोटींवर चढली. शेवटीं १८५० सालीं हा कर रद्द झाला. सहासष्ट वर्षें तो भिंतींत दडून बसला होता. राहणाऱ्यास तो दिसत नसे, पण घराच्या भाड्यांत त्याचा भार त्यास सोसावा लागे.

आतां लाकडाकडे वळूं. इंग्लंडांत घरास लागणारें हलकें लाकूड बाल्टिक समुद्राच्या कांठच्या देशांतून येत असे. नेपोलियन बादशहानें १८०६ सालीं इंग्लंडशीं व्यापार बंद करण्याचें फर्मान काढलें, आणि पुढील वर्षीं रशियाही त्याच्या पक्षास मिळाला. तेव्हां लाकडाचे भाव भडकले. इंग्लंडनें आपली दृष्टि कॅनडाच्या अरण्यांकडे वळविली. आणि तेथील वसाहतवाल्यांचा व जहाजवाल्यांचा धंदा टिकावा म्हणून यूरोपांतील लाकडावर भारी जकात बसविली. पन्नास घनफुटांस तेथें एक ‘लोड’ म्हणत. १८१४ पासून दर लोडास ६५ शिलिंग जकात यूरोपच्या लाकडास पडूं लागली, आणि कॅनडाचें लाकूड मात्र जवळजवळ मोकळें सुटे. १८२१ सालीं हे दर अनुक्रमें ५५ व १० शिलिंग करण्यांत आले. तरीही अंतर एवढें मोठें राहिलें कीं, कांहीं व्यापाऱ्यांनीं बाल्टिक कांठचें लाकूड जहाजांत भरून अटलांटिक महासागरापार कॅनडांत नेलें, व तेंच परत इंग्लंडांत आणून वसाहतीचें म्हणून उतरविलें! दाराशीं असलेली वस्तु समुद्र दोनदां ओलांडून घरांत आणावी आणि तीही स्वस्त पडावी, याहून विपरीत व्यवहार तो कोणता? ही जकात १८४२ सालीं पुष्कळ कमी झाली, १८६० सालीं दोहोंकडील लाकडास एकच शिलिंग राहिली, आणि १८६६ सालीं ती समूळ गेली.

कांचेची कथा याहून करुण आहे. कांचेवर १७४६ पासून वजनावारी कर होता, आणि घराच्या खिडक्यांवर तर १६९६ पासून स्वतंत्र कर होता. म्हणजे तावदान घ्यावयास गेलें कीं एक कर, आणि तें भिंतींत बसविलें कीं दुसरा. मोठ्या शहरांत अनेक गरीब कुटुंबें भाड्यानें राहत असलेली एक इमारत करासाठीं एकच घर म्हणून धरली जाई. त्यामुळें लहान घरांस असलेली सूट तिला मिळत नसे. मालक खिडक्या विटांनीं बुजवून टाकीत, आणि आंत राहणाऱ्यांच्या वांट्यास अंधार, ओल व रोगराई येई. ईश्वरानें सर्वांस फुकट दिलेला प्रकाश व वारा यांवर अशा रीतीनें मोल बसलें होतें. वैद्यांनीं व लोकहितचिंतकांनीं पुष्कळ ओरड केल्यावर सर रॉबर्ट पील यांच्या सरकारनें १८४५ सालीं कांचेवरील कर उठविला, आणि १८५१ सालीं खिडक्यांवरील करही गेला.

याचा परिणाम सर्व जगास लवकरच दिसला. १८५१ सालीं लंडन शहरांत जें मोठें प्रदर्शन भरलें, त्याची इमारत लोखंड, लाकूड व कांच यांची केलेली होती. तिला सुमारें तीन लाख तावदानें लागलीं, आणि प्रदर्शनापुरता मक्ता ७९,८०० पौंडांस देण्यांत आला. कारण इमारत मोडल्यावर सामान मक्तेदारांनींच परत न्यावें असा करार होता. कांचेवरील कर कायम असता तर असा बेत कोणी मनांत तरी आणला असता काय, याची आम्हांस शंका वाटते.

असो. कर गेले, दुसरा घटक म्हणजे वाटेचें भाडें. वीट, दगड व लाकूड हा जड माल. बैलगाडीनें वा घोडागाडीनें कांहीं कोस नेला कीं त्याचें भाडें मूळ किंमतीस भिडूं लागतें. म्हणून पूर्वीं गांवाजवळ जी माती किंवा जो दगड मिळे, त्याचेंच घर होई. कालव्यांनीं व मागाहून आगगाडीनें हें अंतर जिंकलें. वेल्समधील पाटीच्या दगडाचीं छपरें दूरदूरच्या शहरांवर चढलीं. पीटरबरो शहराजवळची वीट १८८० नंतरच्या काळांत आगगाडीनें लंडनला जाऊं लागली. त्या मातींतच जळाऊ अंश असल्यामुळें ती भाजण्यास कोळसा कमी लागे. फ्रीड्रिख हॉफमान या जर्मन गृहस्थानें १८५८ सालीं अखंड जळणाऱ्या भट्टीचा शोध लावल्यानें सरपणाचा खर्चही पुष्कळ उतरला. यंत्राचा प्रभाव तर साध्या खिळ्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. पूर्वीं लोहार एकेक खिळा ऐरणीवर ठोकून करी. पुढें यंत्रानें पत्र्यांतून व नंतर तारेंतून खिळे निघूं लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंत इतर वस्तूंच्या मानानें खिळ्याची किंमत सुमारें एक दशांशावर आली, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे.

या घडामोडींचा आपल्या किनाऱ्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. पैशाचा पूर लोटला. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दींत किल्ल्याचे तट पाडले गेले. नव्या इमारतींचे बेत ठरले. मजुरी व मालाचे भाव दोन्ही भराभर चढले. १८६५ सालीं युद्ध संपलें, शेअरांचे भाव कोसळले, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. मुंबईच्या ज्या भव्य दगडी इमारतींचा आपण अभिमान बाळगतों, त्यांपैकीं बऱ्याचशा या तेजीनंतरच्या शांत काळांत पुऱ्या झाल्या. हायकोर्टाची इमारत १८७१ ते १८७८ या काळांत १६,४४,५२८ रुपयांत झाली, आणि हा खर्च मंजूर रकमेपेक्षां २,६६८ रुपयांनीं कमीच होता. धुंदींतील अंदाज व शुद्धीवरील हिशेब यांतील भेद यावरून कळावा.

छपराविषयींही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८६५ सालीं बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनीं मंगळुरास जेप्पू येथें यंत्रानें दाबून कौलें करण्याचा कारखाना काढला. नेत्रावती व गुरुपूर या नद्यांची चिकण माती तेथें विपुल होती, आणि मालाच्या वाहतुकीस समुद्र दाराशीं होता. तीनच वर्षांनीं, १८६८ सालीं, तेथील आल्बुकर्क नांवाच्या कॅथोलिक घराण्यानें पाणेमंगळूर येथें आपला कारखाना उभारला. एकांत एक अडकणारें हें कौल साध्या नळीच्या कौलांपेक्षां हलकें छप्पर देई. त्यामुळें वासे व रिपा कमी लागत. म्हणजे कौलाच्या भावांत नव्हे, तर लाकडाच्या खर्चांत बचत होई. किनाऱ्याकिनाऱ्यानें गलबतांतून येणाऱ्या या कौलांनीं पश्चिम किनाऱ्यावरील कितीतरी घरें, शाळा व मंदिरें झांकलीं.

आतां तिसरा घटक उरला, तो मनुष्याचा घाम. कर उठले, आगगाडी आली, यंत्र आलें. तरी स्वस्ताईची सर्व किंमत यांनींच चुकविली असें मानणें अन्यायाचें होईल. इंग्लंडांतील वीटभट्ट्यांवर लहान मुलें व मुली राबत. जॉर्ज स्मिथ नांवाच्या गृहस्थानें स्वतः नऊ वर्षांचा असतांना डोक्यावरून ४० रत्तल, म्हणजे आजच्या मापानें सुमारें १८ किलो, चिखलाचे गोळे वाहिले होते. मोठा झाल्यावर त्यानें या मुलांचें दुःख पुस्तकरूपानें जगापुढें मांडलें. त्याच १८७१ सालीं कायदा होऊन सोळा वर्षांखालील मुलींस व दहा वर्षांखालील मुलांस वीटभट्टीवर कामास ठेवण्याची बंदी झाली. तोंवर ज्या कोट्यवधि विटा पडल्या, त्यांच्या भावांत या बालकांच्या हरवलेल्या बालपणाचा आंकडा कोणत्याच वहींत लिहिला गेला नाहीं. पुढें वीस वर्षांनीं, १८९१ सालीं, परमपूज्य पोप तेरावे लिओ यांनीं कामगारांच्या स्थितीविषयीं आपलें प्रसिद्ध पत्र काढून, न्याय्य मजुरी ही केवळ बाजारानें ठरविण्याची बाब नव्हे, असें जगास बजाविलें.

तेव्हां वाचकहो, भावाच्या आंकड्यास भुलूं नये. तो चढला म्हणजे कोणीतरी युद्धाचा किंवा मक्त्याचा भार आपल्यावर टाकीत आहे काय, हें पाहावें. आणि तो उतरला म्हणजे तो भार कोणा दुबळ्याच्या डोक्यावर तर गेला नाहीं ना, हेंही पाहावें. वीटभट्टीवर राबणारीं कुटुंबें आजही आपल्या देशांत आहेत. आपल्या मंदिराची डागडुजी, शाळेची नवी खोली किंवा स्वतःचें घर यांचा हिशेब करावयास आपण बसूं, तेव्हां विटेच्या भावाबरोबर वीट वाहणाऱ्याच्या मजुरीचाही विचार आपल्या कागदावर असावा. तसें झालें तर महोत्सवाच्या निमित्तानें केलेलें हें इतिहासाचें स्मरण व्यर्थ गेलें असें आम्हांस वाटणार नाहीं.