वाघेश्वराच्या पायरीशी

आधी थंडी लागते. शिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते म्हणतात, पण वाघोलीच्या माळावर आज तिचा पाय निघत नाही. मघाशी तुम्ही नगर रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेत अडकला होता. आता तिथे बैलगाडीची चाकोरी आहे, दोन्ही अंगांना कापणीला आलेला शाळू आहे आणि वाऱ्यावर शेणकुटांचा धूर. माघ वद्य चतुर्दशी, शके १६६१. म्हणजे १७४० सालची महाशिवरात्र.

गर्दीबरोबर तुम्ही वाघेश्वराकडे सरकता. गाव जाधवरावांचं. बुंदेलखंडाच्या मोहिमेत बाजीरावांबरोबर लढलेले पिलाजी जाधवराव इथलेच. त्यांची समाधी याच गावात व्हायची आहे, पण ते १७५१ नंतर. आज ती जागा मोकळी आहे. बाजीराव गोदाकाठी निजामाच्या मुलाशी, नासीरजंगाशी झुंजत आहेत, एवढंच पारावर कानी येतं. अडीच महिन्यांत रावेरखेडीला बाजीरावांचा अंत होणार, ते इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ओठ मिटून घेता.

गाभाऱ्यात गुरव पिंडीवर बेल वाहतो आहे. चार प्रहरांच्या चार पूजा, त्यातली ही दुसरी. पणत्या कुंभाराच्या, तेल तेल्याचं, पायघड्या परटाच्या, मशाल न्हाव्याच्या हातात. या रात्रीत ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे आणि मानही. गावाचा सण असा हातांनी उभा राहतो, हे आपण किती सहज विसरलो.

उपास सगळ्यांचा. खिचडी शोधू नका, साबुदाणा आणि बटाटा इथे कुणाच्या ऐकिवातही नाही. वरीचा भात आहे, ताक आहे. एक म्हातारी दगडावर कवठ आपटून फोडते, गराला गूळ चोळते आणि अर्धी कवटी तुमच्या हातात ठेवते.

“खा लेकरा. रात काढायचीय.”

आंबट, गोड, तुरट. जिभेवर तिन्ही चवी एकदम येतात आणि शेवटी तुरटपणा मागे राहतो.

शेकोटीशी तुम्ही टेकता. तेव्हा दिसतो तो उजेडाच्या पलीकडे उभा असलेला माणूस. हे सरपण महारवाड्यातून त्यानेच डोक्यावर वाहून आणलं. रात्रभर लोक याच जाळावर हात शेकतील, पण त्याला पायरीपर्यंत यायची परवानगी नाही. गुरव, कुंभार, तेली, परीट यांचे मान मोजताना तुमचं मन भरून आलं होतं. त्या मोजणीत हा माणूस नव्हता.

तुम्ही उठता. राहिलेलं कवठ घेऊन त्याच्याकडे चालू लागता. तुमची सावली पुढे पडते तसा तो दोन पावलं मागे सरकतो, धोतराचा सोगा पसरतो, आणि मान खाली घालून म्हणतो,

“वरून टाका, धनी.”

तुमचा हात तसाच पुढे राहतो.