कमांड लाइनवरून क्लाउड खाती बदलणे

एकाच संगणकावरून अनेक क्लाउड खात्यांचा कारभार पाहताना, टंकित केलेली आज्ञा कोणत्या खात्यात बजावली जावी हे ठरविण्याच्या पद्धतीस कमांड लाइनवरून खाते बदलणे असे म्हणतात. संस्था बहुधा चाचणीसाठी एक आणि ग्राहकसेवेसाठी दुसरे खाते ठेवतात. टर्मिनलच्या खिडकीत मात्र चालू खात्याचे नाव सहसा दिसत नाही. त्यामुळे चाचणीची माहिती पुसण्यासाठी दिलेली आज्ञा ग्राहकांची माहिती पुसून टाकू शकते.

एडब्ल्यूएसमधील प्रोफाइल

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस अर्थात एडब्ल्यूएसच्या कमांड लाइन साधनात प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र नावाचे प्रोफाइल तयार करता येते. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील एका लपलेल्या फोल्डरात दोन साध्या मजकूर-फायली असतात: ‘क्रेडेन्शियल्स’ या फायलीत प्रवेशाच्या किल्ल्या, तर ‘कॉन्फिग’मध्ये मुंबईसारखा प्रदेश व इतर निवडी. प्रोफाइल न सांगितल्यास ‘डीफॉल्ट’ वापरले जाते. एका आज्ञेपुरता बदल हवा असल्यास तिला ‘--प्रोफाइल’ हा पर्याय जोडतात. संपूर्ण सत्रासाठी ‘एडब्ल्यूएस_प्रोफाइल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरतात. ते त्या खिडकीपुरतेच लागू असल्याने शेजारच्या खिडकीत दुसरे खाते चालू ठेवता येते.

फसगत होते ती येथेच. त्याच सत्रात किल्ल्यांची व्हेरिएबल्स आधीच भरलेली असतील, तर अग्रक्रम त्यांना मिळतो आणि प्रोफाइलचे व्हेरिएबल कोणतीही सूचना न देता निष्प्रभ ठरते. आज्ञेला जोडलेला ‘--प्रोफाइल’ पर्याय मात्र या किल्ल्यांनाही बाजूला सारतो. म्हणून विध्वंसक आज्ञेपूर्वी ‘एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ ही आज्ञा देणे श्रेयस्कर. तिच्या उत्तरात चालू खात्याचा 12 अंकी क्रमांक येतो. काही जण ग्राहकसेवेच्या खात्यासाठी प्रॉम्प्टचा रंगच लाल ठेवतात. उपाय बाळबोध वाटला तरी उपयुक्त आहे.

दुसऱ्या खात्यातील ‘रोल’ धारण करणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय. त्यात तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. त्यांची मुदत वेगळी न सांगितल्यास 1 तास असते. त्या खात्याच्या कायमच्या किल्ल्या संगणकावर साठवाव्या लागत नाहीत.

अन्य सेवा

गूगल क्लाउडमध्ये ‘कॉन्फिगरेशन’ सक्रिय करतात, तर मायक्रोसॉफ्ट अझ्युअरमध्ये ‘सबस्क्रिप्शन’ निवडतात. या दोन्ही निवडी डिस्कवर नोंदविल्या जात असल्याने एका खिडकीत केलेला बदल सामान्यतः इतर उघड्या खिडक्यांनाही लागू होतो. गूगलच्या साधनात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरून तो एका खिडकीपुरता मर्यादित ठेवता येतो.