माथ्यावरची फळी, पायांखालची फळी

आमच्या उमरग्याकडे लांकडी जमीन करण्याची चाल पूर्वीं नव्हती. शहाबादच्या खाणी जवळ असल्यामुळें फरशी पायांखालीं आणि लांकूड माथ्यावर, असाच प्रघात होता. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, ही माळवदाची रचना. फळीला सरस नाहीं, खिळाहि बेताचा. वरच्या मातीचा भारच तिला जागीं धरून ठेवी. गळती लागली कीं पावसाळ्यापूर्वीं नवी माती पडे, जुनी मात्र सहसा कोणी काढीत नसे. असें होतां होतां थर दोन फुटांवर जाई. उन्हाळ्यांत घर थंड राही, म्हणून त्या भाराची चिंता कोणास वाटली नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, पहाटे चारला कांहीं मिनिटें असतां भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर (आज लोहारा तालुक्यांत, तेव्हां उमरग्यांत) अशीं गांवेंच्या गांवें झोंपेंत गाडलीं गेलीं. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती ढांसळल्या. जेथें छत केवळ भिंतींवर टेकलेलें होतें, तेथें तेंहि खालीं आलें. उलट जेथें भक्कम खांब होते, तेथें पुष्कळदां भिंती पडूनहि लांकडी खण उभाच राहिला. पुढें लोकांनीं माळवद टाकून सिमेंटचा स्लॅब घेतला, तें योग्यच झालें. परंतु माती-दगडाबरोबर लांकडासहि दोषी धरलें, हा मला अन्याय वाटतो.

आतां तेंच लांकूड स्लॅबवर, आपणां नगरवासीयांच्या पायांखालीं, चिकटविलें जात आहे. पूर्वींचा सरस कातडीं व हाडें उकळून करीत. तो गरम लावावा लागे आणि ओलीनें सुटे. १९५९ सालीं मुंबईंत बळवंतराय पारेख यांनीं फेविकॉल काढला, तेव्हां सुताराची सरसाची हंडी चुलीवरून उतरली. पण पाण्यांत कालविलेला डिंक खुर्ची-कपाटास ठीक. सबंध जमिनीखालीं पसरला तर त्यांतील पाणी फळींत शिरून ती फुगते. यासाठीं वाळल्यावरहि रबरासारखें लवचिक राहणारें चिकटद्रव्य वापरतात. स्लॅब पुरता वाळलेला व सपाट हवा. नव्या घरांत येथेंच घाई होते. फळ्या आधीं कांहीं दिवस त्याच खोलींत ठेवाव्यात. दातेरी थापीनें चिकटद्रव्य पसरून फळी दाबून बसवावी आणि भिंतीच्या कडेनें अर्ध्या बोटाची फट सोडून ती पट्टीनें झांकावी. लांकूड आडव्या अंगानें वाढतें. फट नसेल तर श्रावणांत जमीन मध्येंच उचलली जाते.

जुन्या माळवदाची सागवानी फळी मिळाली तर उत्तम, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या वाळलेली असते. मात्र खिळे थोडे असले तरी रंधा मारण्यापूर्वीं ते एकेक शोधून काढावे लागतात.