कवालचे अरण्य आणि जोडेघाट

जन्नारम सोडून कवालच्या अरण्यात शिरले की दोन्ही अंगांस सागाची झाडी दाटू लागते. चितळ, नीलगाय, एखादे वेळी अस्वल दृष्टीस पडते. गोदावरीच्या खोऱ्यातील हे वन १९६५ साली अभयारण्य झाले व २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. आदिलाबाद जिल्ह्याच्या २०१६ मधील विभागणीनंतर ते चार जिल्ह्यांत पसरले आहे. पाहुण्यास हे रान निर्मनुष्य भासते. परंतु माणसांस वगळून या वनाचा इतिहास लिहिताच येत नाही.

निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, येथील वने राखीव होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या येथे शेती करणारे गोंड व कोलाम आपल्याच भूमीवर अतिक्रमक ठरले. वस्त्या उठविण्यात आल्या. या अन्यायाविरुद्ध कोमराम भीम उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांचा अंत झाला.

त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांजकडे सोपविला. मारलवाई गावी त्यांनी मुक्काम केला. त्यांच्या प्रयत्नांनी अनेक गोंडांस जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी शाळा निघाल्या. त्या शाळांची गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत होती; कारण जे थोडे गोंड साक्षर होते, त्यांना मराठी वाचता येई. आम्हां मराठी वाचकांस हा धागा विसरता येण्याजोगा नाही.

१९५६ मध्ये राजुरा व किनवट हे भाग आदिलाबादपासून तुटून मुंबई राज्यात आले. वाघास ही सीमा ठाऊक नाही. ताडोबा व टिपेश्वर येथील वाघ कवालच्या दिशेने येत असतात. ताडोबा व कवाल यांमधील वाट राखण्यासाठी तेलंगणा सरकारने २०२५ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले व त्यास कोमराम भीम यांचेच नाव दिले. आदिवासींनी विरोध केला आणि त्याच वर्षी तो आदेश स्थगित झाला. राखीव वनाच्या जाचाविरुद्ध ज्यांनी प्राण वेचले, त्यांचेच नाव राखीव वनास!

वाघ राहावा असे आम्हांस मनापासून वाटते. म्हणूनच कवाल पाहणाऱ्याने जोडेघाटही पाहावा. वनात राहणाऱ्यांस न विचारता आखलेली रेषा टिकत नाही, हे या भूमीने दोनदा दाखविले आहे.