सभापतीच्या आसनावरील इतिहासकार

भाषा-साहित्याचे अभ्यासक राजकारणात उतरले तर राजकारण सुसंस्कृत होईल, अशी एक भाबडी समजूत आपल्या क्षेत्रात फार जुनी आहे. आम्हीही ती वर्गात अनेकदा बोलून दाखवली आहे. काळ्या समुद्राच्या काठावरील अबखाझियाचे नेते व्लादिस्लाव अर्दझिन्बा यांची कारकीर्द वाचताना मात्र ही समजूत तपासून घेणे भाग पडते.

अर्दझिन्बा यांचा जन्म १९४५ सालचा, सुखुमीजवळच्या एशेरा गावचा. व्यासंग प्राचीन अनातोलियाचा. मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी जवळजवळ दोन दशके संशोधन केले. तेथील विधी व पुराणकथा यांवरील त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासाचा आधार असलेल्या बोगाझकोयच्या हिटाइट मृत्पट्टिकांमध्येच मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे असलेला तहनामा सापडला, हे आपल्याकडील वेदाभ्यासकांना परिचित आहे. १९८८ साली ते सुखुमीतील भाषा, साहित्य व इतिहास संस्थेचे संचालक झाले. १९८९ साली सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसवर निवडून आल्यावर तेथे त्यांनी लहान जनसमूहांच्या हक्कांची बाजू मांडली. १९९० च्या डिसेंबरात ते अबखाझियाच्या सर्वोच्च सोव्हिएतचे, म्हणजे विधिमंडळाचे, अध्यक्ष झाले.

पेच संख्येचा होता. १९८९ च्या जनगणनेनुसार सव्वापाच लाख लोकवस्तीत अबखाझ अठरा टक्क्यांहूनही कमी होते, तर जॉर्जियन सुमारे शेहेचाळीस टक्के. १९९१ साली तडजोड झाली: पासष्ट जागांपैकी अठ्ठावीस अबखाझांना, सव्वीस जॉर्जियनांना, अकरा इतरांना, आणि घटनात्मक प्रश्नांवर दोन तृतीयांश मतांची अट. ही तडजोड करणारे जॉर्जियाचे नेते झ्वियाद गामसाखुर्दिया हेही रुस्तावेलीच्या महाकाव्याचे अभ्यासक. दोन विद्वानांनी मिळून केलेली ही व्यवस्था वर्षभरच टिकली.

१९९२ च्या जानेवारीत गामसाखुर्दिया पदच्युत झाले. फेब्रुवारीत तिबिलिसीने १९२१ ची राज्यघटना पुनरुज्जीवित केली. २३ जुलैला सुखुमीच्या विधिमंडळाने १९२५ च्या अबखाझ घटनेकडे परतण्याचा ठराव केला. जॉर्जियन सदस्य सभागृहाबाहेर होते आणि दोन तृतीयांश मते नव्हती. दोन्ही पक्षांनी भविष्याचा प्रश्न सोडविण्यासाठी जुनी कागदपत्रे बाहेर काढली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १४ ऑगस्टला जॉर्जियन सैन्य सुखुमीत शिरले. ऑक्टोबरात शहरातील अभिलेखागार व अर्दझिन्बा यांनी ज्या संस्थेचे संचालकपद भूषविले होते ती संस्था, दोन्ही आगीत भस्मसात झाली. एका लहान भाषेची लिखित स्मृती जळाली, आणि या हानीबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु कथा येथे थांबवली तर ती अर्धसत्य ठरेल. सप्टेंबर १९९३ मध्ये अर्दझिन्बा यांच्या नेतृत्वाखालील सैन्याने सुखुमी जिंकले आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियनांना घरेदारे सोडावी लागली. १९९४ साली बुडापेस्टच्या शिखर परिषदेत युरोपीय राष्ट्रांनी त्यास वांशिक निर्मूलन म्हटले. त्याच वर्षी विधिमंडळाने अर्दझिन्बा यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. १९९९ साली ते बिनविरोध पुन्हा निवडून आले. पुढे आजाराने त्यांना लोकांपासून दूर नेले आणि वादग्रस्त निवडणुकीनंतर २००५ साली ते पायउतार झाले. रशियाने २००८ साली दिलेली मान्यता त्यांनी पाहिली. २०१० साली त्यांचे निधन झाले.

ग्रंथालय जळाल्याचे दुःख आम्हा अध्यापकांना लवकर उमगते, कारण ते आमच्या परिचयाचे आहे. रिकाम्या झालेल्या घरांतही पत्रे होती, वह्या होत्या, पुस्तके होती. त्यांची नोंद कोणत्याही अभिलेखागाराच्या सूचीत नव्हती, एवढाच फरक. 'या भूमीवर आधी कोण?' या प्रश्नाचे उत्तर इतिहासकार देऊ शकतो. 'आता येथे कोणी राहावे?' हे मात्र त्या उत्तरातून निष्पन्न होत नाही. हा भेद विद्यार्थ्यांपुढे मांडताना, तो आम्ही स्वतः किती पाळतो, हेही आम्हांस तपासावे लागेल.