आधी पिस्टन, मग बोर

लेथवाल्या काकांनी माझ्या हातातली डबी बघितली आणि विचारलं, "पिस्टन मोजला का?"

"डबीवर लिहिलंय की, काका. एक एमएम ओव्हरसाइज."

"डबी घालणार आहेस का आत?"

बाबांची बुलेट १९८९ ची. मूळ बोर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणून ३४६ सीसी. ती एकदा बोर झाली होती, ०.५० चा पिस्टन घालून. त्यानंतर महिन्याभरातच खंबाटकी घाटात इंजिन सीझ झालं आणि मागचं चाक लॉक झालं. मागे दुसरीतला मी बसलेलो होतो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण बाबांचं उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही. तो पिस्टन बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा होता, आणि डबीवरचा आकडा बरोबर होता. मोजला मात्र कोणीच नव्हता.

त्यामुळे काकांचा टोमणा लागला. मी सॉफ्टवेअरवाला. लेबलवर विश्वास ठेवणं हा माझा रोजचा धंदा आहे. व्हर्जन नंबर जुळला की आम्ही पुढे जातो. सुट्या भागाबाबत असा विश्वास ठेवता येतो, ही कल्पना मात्र फार जुनी नाही, आणि ती बंदुकांच्या कारखान्यातून आली आहे.

त्याआधी प्रत्येक बंदूक एकटीच असायची. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे, कारण कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाला जुळवायचा. रणांगणावर एक भाग मोडला की अख्खी बंदूक कारागिराकडे. ऑनोरे ब्लाँ नावाच्या फ्रेंच बंदूककाराने साचे आणि मापं वापरून यातून वाट काढली. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता. ब्लाँने त्याच्यासमोर ५० लॉक, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणा, सुट्या करून खणाखणांत मांडून ठेवल्या. जेफरसनने हाताला येईल तो तुकडा उचलून स्वतः काही लॉक जोडले. ते बिनतक्रार बसले. ३० ऑगस्टला त्याने ही हकीकत पत्राने मायदेशी कळवली.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती आपल्या बाजारासारखी आहे. १७९८ मध्ये एली व्हिटनीने अमेरिकन सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं आणि १८०१ मध्ये बड्या लोकांसमोर अदलाबदलीचं प्रात्यक्षिक करून वाहवा मिळवली. त्याच्या उरलेल्या बंदुका पुढे इतिहासकारांनी तपासल्या, तर भाग एकमेकांना बसेनात. डेमो चालला होता, माल नाही. आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते सांगायला नको.

खरी परीक्षा झाली १९०८ मध्ये, इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या आणि भागांचा एकच ढीग केला. त्यातून अचूक मापाचे ८९ भाग काढून कुलपात ठेवले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग दिले. मेकॅनिकच्या हातात फक्त पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर. कानस नव्हती. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा तपशील हाच आहे. तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या, चालू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. क्लबने कंपनीला ड्युअर ट्रॉफी दिली. कॅडिलॅकचा कर्ताधर्ता हेन्री लेलँड बंदुकांच्या आणि मोजमापाच्या हत्यारांच्या कारखान्यांत तयार झालेला माणूस होता, हा योगायोग नव्हे.

पण दोन भाग एकाच मापाचे आहेत हे ठरवायचं कशावर? मोजपट्टीच चुकीची असेल तर? याचं उत्तर स्वीडनच्या कार्ल एडवर्ड जोहान्सनने शोधलं. तोही एस्किलस्टुनाच्या रायफल कारखान्यातलाच. १८९६ मध्ये जर्मनीतल्या माउझर कारखान्याहून परतताना आगगाडीत त्याने हिशेब मांडला: पोलादाचे मोजके अचूक ठोकळे एकमेकांना चिकटवून हवं ते माप तयार करता येईल. १०२ ठोकळ्यांत १ पासून २०१ मिलिमीटरपर्यंत, ०.०१ च्या टप्प्याने. काकांच्या मायक्रोमीटरसोबत येणारा सेटिंगचा तुकडा त्याच कुळातला. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हा जगाचा नियम १९३१ चा. काकांच्या शेडमध्ये मे महिन्यात २० अंश कुठले! पण पिस्टन आणि सिलिंडर रात्रभर एकत्र ठेवले की निदान दोघांचं तापमान एक होतं. काका तसंच करतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिस्टन मोजायला लावला. मी वरच्या कडेला मायक्रोमीटर लावला तर त्यांनी हात धरला. पिस्टन वर बारीक असतो, कारण तिथे तो जास्त तापतो आणि जास्त फुगतो. शिवाय तो गोल नसतो, किंचित लांबट असतो. मोजायचं खाली, स्कर्टवर, पिनच्या काटकोनात. माप आलं ७०.९८. बाजारातून आणखी एक आणला होता, डबीवर तोच आकडा. तो ७०.९२ भरला.

डबीवर विसंबून सिलिंडर नेमका ७१.०० बोर केला असता, तर पहिल्या पिस्टनला फट राहिली असती ०.०२. अ‍ॅल्युमिनियमचा हा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१४ ने वाढतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तर ०.०८ ने. आणि पिस्टन नेहमी सिलिंडरपेक्षा जास्तच तापतो. फट संपते, तेल पुसलं जातं, धातू धातूला धरतो. बाबांचं मनगट या वजाबाकीत गेलं.

"म्हणून आधी पिस्टन, मग बोर," काका म्हणाले. म्हणजे ब्लाँच्या आधीचीच पद्धत: एक भाग हातात घ्यायचा आणि दुसरा त्याला जुळवायचा. ब्रुकलँड्समध्ये बाद झालेली कानस आपल्या लेथवाल्यांच्या शेडमध्ये अजून टिकून आहे, आणि त्यात कमीपणा नाही. डबीतल्या मालाची हमी नसेल तर हाच शहाणपणा.

दुसरा पिस्टन आम्ही बाजूला ठेवला, पण मापामुळे नाही. जुन्याशेजारी उभा केल्यावर त्याच्या पिनचं भोक जवळजवळ मिलिमीटरभर खाली दिसलं. तो घातला असता तर पिस्टन तेवढाच वर चढला असता, व्हॉल्व्हच्या दिशेने. हे बघायला मायक्रोमीटरही लागत नाही, सपाट काच पुरते.

पहिल्या पिस्टनसाठी सिलिंडर ७१.०६ बोर झाला, होनिंगसह.

रिंगा घरी तपासल्या. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टननेच थोडी आत ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, मग तोंडाच्या फटीत फिलर गेजची पाती सरकवायची. रिंगचा घेर २२३ मिलिमीटर. १०० अंशांना बीड तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतं. फट कमी पडली तर टोकं एकमेकांवर आपटतात. आमच्या वरच्या रिंगमध्ये ०.१५ ची पाती कशीबशी गेली. बाबा डाव्या हाताने बारीक कानस घेऊन बसले, एकाच दिशेने, बाहेरून आत. दोन घासे, मग गेज. परत दोन घासे. चौथ्या खेपेला ०.३० ची पाती अलगद सरकली.

"आता खालची दे," ते म्हणाले.